उभं चित्र

भाचा मुंबईहून मोबाइलवर कधी काय पाठवील त्याचा नेम नसतो. ऐन नवरात्रात त्याने एका चित्रलिलावाचा कॅटलॉग पाठवला. मी हायस्कूलमध्ये चित्रकला शिकवते, त्यामुळे असलं काही दिसलं की तो ते माझ्याकडे सरकवतो. बरीच पानं चाळल्यावर चित्रकार वासुदेव गायतोंड्यांचं एक चित्र आलं. सत्तरच्या दशकातलं, उभ्या कॅनव्हासवरचं. गेरू आणि हळद यांच्या मधला पिवळा, मध्यभागी थोडा उजळलेला, कडांकडे विझत गेलेला. खाली लॉट नंबर, मापं, 'कॅनव्हासवर तैलरंग', मागच्या बाजूला सही आणि साल असल्याची नोंद, आणि कोटींतली अंदाजित किंमत. शीर्षकाच्या जागी 'शीर्षकहीन'. शेजारच्या छोट्या टिपणात समुद्र होता, धुकं होतं, क्षितिज होतं.

आबा लोट्यावर, म्हणजे ओसरीवर, बसून सुपारी कातरत होते. आबा म्हणजे माझे थोरले चुलते, ऐंशी कधीच ओलांडलेले. मी फोन त्यांच्यापुढे धरला. किंमत मुद्दामच सांगितली नाही, पण ह्याला समुद्र म्हटलंय एवढं वाचून दाखवलं. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला, पंच्याला हात पुसले, फोन घेतला आणि बराच वेळ बघत राहिले. उजळलेल्या मधल्या भागाकडे नाही, खालच्या कोपऱ्याकडे. मला वाटलं, आता विचारणार, ह्येच्यात काय आसा म्हणून. ते त्यांनी विचारलं नाही. "ह्यो रंग एका हातान इलेलो नाय गो बाय," म्हणाले. "खाली तांबडो आसा. वरसून पिवळो मारल्यान, आणि मगे खयखय खरवडल्यान." फोन परत देताना मात्र थांबले. "पण दर्यो म्हणतत, तर चित्र उभा कित्याक? दर्यो आडवो आसता."

आणि पुन्हा अडकित्ता चालू झाला. माझ्या डोक्यातून तो प्रश्न गेला नाही, अजून गेलेला नाही.

आबांची कामाची सगळी वर्षं परळच्या एका गिरणीच्या रंगखात्यात गेली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, त्यानंतर त्यांची गिरणी जी थंडावली ती थंडावलीच, आणि आमच्या वाडीतल्या कितीतरी घरांसारखं आमच्याही घरी एक माणूस ट्रंक आणि वळकटी घेऊन कायमचं परत आलं. मी तेव्हा लहान होते. रंगखात्याबद्दल त्यांनी सांगितलेलं मात्र लख्ख आठवतं. जिगरवर, म्हणजे कापड रंगवायच्या यंत्रावर, कापड एका रुळावरून दुसऱ्या रुळावर जायचं, मध्ये रंगाची कुंडी. गेलं की परत यायचं, पुन्हा जायचं, आणि प्रत्येक फेरीत रंग एक पायरी खाली उतरायचा. नमुन्याशी शेड जुळवायची असेल तर चिंधी कापून आधी वाळवायची, कारण ओला रंग खोटं बोलतो. मग ती चिंधी खिडकीपाशी न्यायची. दिव्याखाली बघून पास केलेला ताका दुसऱ्या दिवशी हमखास परत यायचा. लहानपणी आबांनी आम्हा पोरांना खेळणी फारशी आणली नाहीत, पण एकाच निळ्याच्या सात-आठ चिंद्या आणायचे आणि विचारायचे, ह्यातला कुठला दोनदा बुडालाय? आम्ही ओळखायला शिकलो. माझ्या चित्रकलेची खरी सुरुवात शाळेत झालीच नाही.

म्हणजे कॅटलॉगमधलं चित्र त्या दुपारी एका जाणकारापुढे गेलं होतं. गायतोंड्यांचं काम कसं चालायचं हे मी वाचलेलं आहे, आणि आबा ज्या कोपऱ्याकडे बघत होते त्याचा उलगडा त्या वाचनात आहे. साठच्या दशकापासून ते ब्रशपेक्षा रोलर आणि रंगाची सुरी जास्त वापरत. एक थर, तो सुकू द्यायचा किंवा अर्धवटच सुकू द्यायचा, त्यावर दुसरा. मग सुरीने काही ठिकाणी वरचा थर काढायचा म्हणजे खालचा श्वास घ्यायला वर येतो. कधी वर्तमानपत्राचे, मासिकांचे फाडलेले तुकडे ओल्या रंगावर दाबायचे आणि उचलायचे. उचलल्यावर जे मागे राहतं ते हाताने काढलेलं नसतं आणि आपोआप आलेलंही नसतं. वर्षाला पाच-सहा मोठे कॅनव्हास, त्याहून फार नाही. बाकीचा वेळ नुसतं बसायचं. आतून काही तयार झालं की मगच उठायचं. १९८४ साली दिल्लीत अपघात झाला आणि त्यानंतर कित्येक वर्षं मोठं चित्र त्यांच्या हातून झालं नाही. तेवढा काळ त्यांनी हातघाई केली नाही, पुन्हा जमेल तेव्हा पुन्हा सुरू केलं, आणि त्यानंतरची चित्रंही त्याच तोलाची आहेत. ही गोष्ट मला त्यांच्या सगळ्या पुरस्कारांहून मोठी वाटते.

आमच्या भागात गायतोंडे म्हटलं की कान टवकारतात. आडनाव गोव्याकडचं, आमच्या हद्दीपलीकडचंच. ते जन्मले १९२४ साली नागपूरला, पण घराणं मूळचं गोव्याचं, आणि वाढले गिरगावातल्या चाळीत. मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून १९४८ ला डिप्लोमा घेतला. ही सगळी माहिती पुढे ठेवली की आमच्याकडचा कुणीही म्हणतो, अरे म्हणजे तो आपलाच, आणि लगेच दुसरं वाक्य येतं, म्हणून तर त्याच्या चित्रात समुद्र आहे. मलाही हे म्हणायला आवडलं असतं. आमच्या अंगणातून वेंगुर्ल्याकडचा समुद्र दिसतो, दोन माडांच्या मधून, एक अरुंद उभी पट्टी. श्रावणात दुपारच्या सरीनंतर त्या पट्टीत पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं हे सांगता येत नाही. गायतोंड्यांचं उभं चित्र मी प्रथम पाहिलं तेव्हा ती पट्टी आठवली होती, आणि आबांच्या प्रश्नाला हे उत्तर चालण्यासारखं होतं: आबा, आपला दर्यो पण उभोच दिसता की.

मी ते उत्तर दिलं नाही. ते सोयीचं आहे, खरं नाही. गायतोंड्यांनी आपल्या या चित्रांना नावं दिली नाहीत ती काही विसरले म्हणून नव्हे. समुद्र काढायचा असता तर त्यांना तो काढता येत होता; विद्यार्थिदशेत आणि त्यानंतरची काही वर्षं माणसं, आकार, सगळं त्यांनी काढलंय. ते सोडून पुढे गेले, आणि तिथून परत आले नाहीत. अशा माणसाच्या चित्रावर आपण धुकं किंवा क्षितिज अशी चिठ्ठी लावतो तेव्हा आपण त्याला ओढून पुन्हा त्याने सोडलेल्या गावात आणतो. आपलेपणाने करतो, पण ओढतोच.

उभं का, याचं मला सुचलेलं उत्तर मुंबईत मिळालं. वाचून वगैरे नाही, उभं राहून मिळालं.

फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जहांगीर निकल्सन यांच्या संग्रहाचं दालन आहे. निकल्सन कापसाच्या व्यवसायातले, १९६८ पासून चित्रं घेऊ लागले, आणि त्यांच्या पश्चात तो संग्रह इथे लोकांना बघायला मिळू लागला. (आबांच्या गिरणीत येणारा कापूस आणि या भिंतींवरची चित्रं यांच्यात एखादा धागा असेल असं तिथे गेलं की मला दरवेळी वाटतं. पुरावा काही नाही.) तिथे गायतोंड्यांच्या एका चित्रासमोर मी उभी राहिले. पहिल्यांदा काहीच झालं नाही. छपाईत पाहिलेल्यापेक्षा ते अधिक मळकट वाटलं, आणि मागून शाळेच्या सहलीचा गोंगाट येत होता. मग गोंगाट पुढच्या दालनात गेला. मी तिथेच राहिले, आणि काही वेळाने लक्षात आलं की मी डावीकडून उजवीकडे बघत नाहीये. समुद्र बघताना नजर आडवी फिरते, होडीच्या मागे जाते, दीपगृहापाशी थांबते, पुढे काही आहे का ते शोधते. इथे नजरेला बाजूला जायला वाटच नव्हती. ती वरून खाली आणि खालून वर जात होती, माणसाला आपण पायापासून डोक्यापर्यंत बघतो तशी. चित्राची उंची साधारण माझ्या धडाएवढी. ते दृश्य नव्हतंच. कुणीतरी समोर येऊन उभं राहिलं होतं आणि बोलायची घाई त्यालाही नव्हती, मलाही नव्हती. रंग मग हळूहळू खालून वर येऊ लागला. जो करडा वाटला होता त्याच्या आत हिरवा होता, हिरव्याच्या आत काहीतरी उबदार. हे सगळं आधीही तिथेच होतं. माझे डोळे तिथवर पोचायला वेळ लागला.

फोनवर हे होत नाही. आबांच्या डोळ्यांनाही फोनवर थर दिसले, पण समोर उभं राहणं मिळालं नाही.

'ह्येच्यात काय आसा' या प्रश्नाबद्दल मला थोडं अधिक लिहायचं आहे, कारण वर्गात तो मला रोज विचारला जातो. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना मी मुलं बसवते. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन. स्मरणचित्राला विषय येतो मासळीबाजार किंवा बसथांबा, आणि आमची मुलं मासळीबाजार असा काढतात की वास यावा. या परीक्षांनी माझ्या कितीतरी मुलांना हात दिला, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण कागदावर जे येईल ते कशाचं तरी असलंच पाहिजे हा नियम मुलांच्या अंगात इतका भिनतो की नुसता रंग पसरवून बघ म्हटलं तर आठवीतला मुलगा अस्वस्थ होतो. बाई, पण काढू काय? आमच्या घरांच्या भिंतींवरही कायम कुणीतरी असतं. देवांच्या तसबिरी, हार घातलेले आजोबा-पणजोबा, कॅलेंडरवरची लक्ष्मी.

आणि त्याच गावाच्या देवळात सातेरी आहे, आमची ग्रामदेवता. आमच्याकडची सातेरी वारूळ आहे, मातीचं, वाढत गेलेलं, कुठल्याही कारागिराने न घडवलेलं. नवरात्रात तिला साडी नेसवतात, मुखवटा चढवतात, दागिने घालतात, तेव्हा ती बाई दिसते. उत्सव सरला की हे सगळं उतरतं आणि खाली राहते ती तांबडी माती, तिच्या उंचवट्यांसकट, भेगांसकट, वर्षानुवर्षांच्या तेला-कुंकवाच्या थरांसकट. नाक नाही, डोळे नाहीत. त्या मातीसमोर माझी आजी तासन् तास बसायची. गावातली सगळी बसतात. शेतीचं, लग्नाचं, कोर्टाच्या खटल्याचं तिला सांगतात. ह्यात काय आहे, असं मी आजवर कुणाला विचारताना ऐकलेलं नाही. चित्र म्हणजे देव नव्हे, मला तसं म्हणायचंही नाही. सातेरीमागे गावाची श्रद्धा उभी आहे, चित्रामागे कोणी नाही, त्याला एकट्यानेच आपल्यासमोर टिकावं लागतं. पण जिला चेहरा नाही अशा गोष्टीसमोर शांत बसून राहायची ताकद आमच्या लोकांत आहेच. आमच्याकडे ही कला कळणार नाही, असं मुंबईचे लोक म्हणतात तेव्हा मला राग येतो तो यामुळे.

आता किमतीचं. त्याशिवाय हा विषय निघत नाही, आणि खरं तर त्यानेच निघतो. २०१३ च्या डिसेंबरात ख्रिस्तीज या लिलावगृहाने मुंबईत ताजमध्ये भारतातला आपला पहिला लिलाव केला, तेव्हा गायतोंड्यांचं १९७९ चं चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं आणि वर्तमानपत्रांनी ते पहिल्या पानावर घेतलं. दोन वर्षांनी त्यांचंच आणखी एक २९ कोटी ३० लाखांना. २०२१ मध्ये सॅफ्रनआर्टच्या लिलावात १९६१ चं एक चित्र ३९ कोटी ९८ लाख. २०२५ च्या सप्टेंबरात १९७० चं एक, ६७ कोटी ८ लाख. ते स्वतः २००१ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत गेले. हे सगळे आकडे त्यांच्या पश्चातले. आकड्यांत हातोडा पडल्यावर त्यावर चढणारं लिलावगृहाचं प्रीमियमही असतं, म्हणून हातोडा एका रकमेला पडतो आणि बातमीत दुसरी रक्कम येते. बोली लावणारे हल्ली खोलीत असतातच असं नाही. फोनवर असतात, स्क्रीनमागे असतात. एक लॉट मिनिटा-दोन मिनिटांत संपतो. ज्या चित्रात रंग वर यायलाच तेवढा वेळ लागतो, तसं चित्र तेवढ्याच वेळात कायमचं कुणाचं तरी होऊन जातं.

या रकमा ऐकून आमच्या स्टाफरूममध्ये लोक चिडतात. मी चिडत नाही, आणि याचं कारण पावणी आहे. आमच्याकडे दसऱ्याला, जत्रेला देवाला आलेल्या वस्तूंची पावणी होते. केळ्याचा घड, कोहळा, नारळ, पहिली काकडी. देवळासमोर मानकरी बसतात, एकजण वस्तू हातात उंच धरतो आणि बोली सुरू होते. बाजारात तीस-चाळीस रुपयांना मिळणारा नारळ दोन-तीन हजारांना जाताना मी लहानपणापासून बघत आलेय. मुंबईकर चाकरमानी आले असतील आणि दोन वाड्यांची जुनी ईर्ष्या असेल तर त्याहून वर. नारळात त्या किमतीचं खोबरं नसतं हे घेणाऱ्याला माहीत असतं, देणाऱ्याला माहीत असतं, बघणाऱ्या पोरालाही माहीत असतं. तरी त्यात फसवाफसवी कुणाला वाटत नाही. ज्याचं मोल करता येत नाही त्याला कुठेतरी आकडा लावायचाच झाला तर तो असाच, चार लोकांदेखत, मोठ्या आवाजात लागतो. चित्रलिलावातल्या श्रीमंतांची ईर्ष्या आणि आमच्या वाड्यांची ईर्ष्या यांत फार फरक आहे असं मला वाटत नाही.

फरक त्यानंतर आहे. पावणीचे पैसे देवळाकडे जातात, त्यातून छपराचे वासे बदलतात, दिवाबत्ती होते. आणि नारळ घेणारा तो घरी नेऊन कपाटात ठेवत नाही. तिथेच फोडतो. शेरणी वाटतात. ज्याने बोली लावली नाही, ज्याच्या खिशात बोली लावण्याएवढे पैसेच नव्हते, त्याच्याही हातावर खोबऱ्याचा तुकडा पडतो.

चित्राचा तुकडा कुणाच्या हातावर पडतो? घेणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा जाहीर होत नाही. पैसे जातात आधीच्या मालकाकडे. ज्याने केलं त्याच्याकडे काही जावं म्हणून आपल्या कायद्यात तरतूद आहे: १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने ५३अ हे कलम आलं, आणि त्यानुसार दहा हजारांवर पुनर्विक्री झालेल्या मूळ चित्रात चित्रकाराचा किंवा त्याच्या वारसांचा वाटा असतो, जास्तीत जास्त दहा टक्के. लिलावाच्या एकाही बातमीत या वाट्याचा उल्लेख मी वाचलेला नाही. दुसरा कायदा १९७२ चा, पुरातन वस्तू आणि कलानिधींचा. त्याखाली रविवर्मा, अमृता शेरगिल, जामिनी रॉय असे नऊ चित्रकार राष्ट्रीय ठेवा मानले आहेत, त्यांची चित्रं देशाबाहेर नेता येत नाहीत. गायतोंडे त्या नऊंत नाहीत. त्यामुळे त्यांचं चित्र उद्या दुबईला गेलं, लंडनला गेलं, कुठल्या तापमान राखलेल्या गोदामात पेटीबंद होऊन पडलं, तर त्याला कुणी हरकत घेऊ शकत नाही. मुंबईतल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र एका काळी वेगळं केलं होतं. होमी भाभांनी नेहरूंकडून खर्चाचा एक टक्का कलेसाठी वापरायची परवानगी मिळवली आणि त्या काळच्या तरुण चित्रकारांची चित्रं घेऊन शास्त्रज्ञांच्या येण्याजाण्याच्या वाटांवर लावली, गायतोंड्यांचीसुद्धा. रोज ज्या वाटेने डबा घेऊन जायचं त्या वाटेवर. चित्राला याहून चांगलं घर मला सुचत नाही.

कोकणात असं घर नाही. आहे त्याची किंमत मला कळते: सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफा आहेत, देवरुखला आणि सावर्ड्याला कला महाविद्यालयं आहेत, तिथली मुलं उत्तम काम करतात. पण वेंगुर्ल्याच्या किंवा देवगडच्या मुलाला आपल्या भाषेतल्या, आपल्या बाजूच्या आडनावाच्या या चित्रकाराचं खरं चित्र बघायचं तर रात्रभर गाडीत बसून मुंबई गाठावी लागते. प्रभाकर बरव्यांचंही तेच. जन्म १९३६ चा, अलिबागजवळच्या नागावचा, विणकर सेवा केंद्रात वर्षानुवर्षं नोकरी, म्हणजे रंग आणि कापड यांच्यातच उठबस. नागावच्या वाडीतून जाताना तिथल्या नारळी-पोफळीतून येणारे उन्हाचे कवडसे बघून मला नेहमी त्यांच्या चित्रांतला मोकळा अवकाश आठवतो. त्यांचं एक तरी चित्र नागावातल्या माणसाने रोज बघावं, असं काही आपण केलेलं नाही.

म्हणून ज्यांच्याकडे ही चित्रं आहेत त्यांना मला मनापासून एक विनंती करायची आहे, आणि ती हवेत करायची नाही. चित्र कायमचं नको. एक महिना द्या. जानेवारी ते मार्च या काळात द्या, कारण पावसाळ्यात आमची हवा तैलरंगाला सोसणारी नाही. माझ्या आजोबांच्या फोटोवर काचेच्या आतून बुरशी चढलेली मी पाहिली आहे, तेव्हा तुमची भीती मला कळते. थंडीच्या कोरड्या दिवसांत रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात किंवा सावंतवाडीत जाड भिंतींची एखादी खोली मिळू शकते. उतरता उजेड येईल अशी खिडकी असावी, ऊन थेट पडू नये. विमा, पहारा, आर्द्रता मोजायचं यंत्र, यासाठी जे लागेल ते उभं करायला इथले लोक कमी पडणार नाहीत. जत्रेचा मांडव एका रात्रीत उभा करणारी माणसं आहेत ही. शेजारी समुद्र, धुकं असलं काही लिहून लावू नका. साल आणि नाव पुरे. समोर एक बाक ठेवा, पाठ टेकता येईल असा, म्हणजे म्हातारी माणसंही बसतील. मुलांना आणायची जबाबदारी माझ्यासारख्या शिक्षकांची, एसटीचं आम्ही बघू. एका वेळी दहा मुलं आत सोडावीत, आणि निदान तासभर त्यांना बाहेर काढू नये.